मध्यंतरापर्यंतचा सामना

नाटकाचा प्रयोग मध्यंतरातच बंद पडला तर तो ‘झाला’ म्हणायचे की नाही? नाट्यगृहाच्या खिडकीवर या प्रश्नाचे उत्तर तिकिटाच्या पैशांपुरते तरी मिळते. इतिहासलेखनात ते इतक्या सहजी मिळत नाही. १२ मार्च २०२० रोजी दुपारी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सेंट जॉन्स आणि क्रेटन या विद्यापीठांचा बास्केटबॉलचा सामना सुरू झाला. वीस मिनिटांच्या पूर्वार्धानंतर धावफलकावर ३८-३५ असे आकडे होते, सेंट जॉन्स पुढे होते. उत्तरार्ध झाला नाही. मध्यंतरातच स्पर्धा रद्द झाल्याचे जाहीर करण्यात आले.

‘कॉन्फरन्स’ म्हटले की आम्हां प्राध्यापकांना शोधनिबंध, गार चहा आणि प्रमाणपत्र आठवते. अमेरिकेच्या क्रीडाविश्वात तो शब्द एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटासाठी वापरतात. ‘बिग ईस्ट’ हा १९७९ साली स्थापन झालेला असाच एक गट. त्याची वार्षिक स्पर्धा १९८३पासून गार्डनमध्ये भरत आली आहे. (नावात ‘पूर्व’ असली तरी क्रेटनचे ओमाहा शहर न्यूयॉर्कपासून सुमारे दोन हजार किलोमीटर पश्चिमेला आहे, भूगोलाला प्रायोजकांपुढे फारसे चालत नाही.) या स्पर्धेचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो, म्हणून हंगामभर मागे राहिलेल्या संघालाही येथे अखेरची आशा असते. २०२०मध्ये क्रेटनला पहिले मानांकन होते, सेंट जॉन्सला नववे.

आदल्या दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटले. त्याच रात्री युटा जॅझच्या रूडी गोबेरचा तपासणी अहवाल पॉझिटिव्ह आला आणि एनबीएने आपला व्यावसायिक हंगाम थांबवला. विद्यापीठांच्या गटांनी मात्र रात्र जाऊ दिली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास इतर मोठ्या गटांनी आपापल्या स्पर्धा एकामागून एक रद्द केल्या. इंडियानापोलिस येथे तर मैदानावर सरावाला उतरलेल्या संघांना परत बोलावण्यात आले. त्याच सुमारास गार्डनमध्ये चेंडू वर फेकला गेला. सुमारे वीस हजारांच्या त्या वास्तूत त्या दिवशी प्रवेश होता तो मोजक्या कुटुंबीयांना आणि संबंधितांना.

तो सामना सुरू का केला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो विचारण्याजोगा आहे. आयव्ही लीगने दोनच दिवस आधी, १० मार्चला, आपली स्पर्धा रद्द केली होती. तेव्हा तिच्यावर घाबरटपणाची टीका झाली, खुद्द खेळाडूंनी निर्णय फिरवावा म्हणून सह्यांची मोहीम काढली. अठ्ठेचाळीस तासांत तोच घाबरटपणा शहाणपणा ठरला. उशीर करणाऱ्यांना आम्ही सरसकट दोषी धरणार नाही. त्या आठवड्यात आमच्याकडेही परीक्षांची आसनव्यवस्था फळ्यावर लागलेलीच होती. पण पैशाचा भाग विसरता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धा त्याच दिवशी दुपारी रद्द झाली, तेव्हा सदस्य विद्यापीठांना वाटावयाची रक्कम ६० कोटी डॉलरवरून २२.५ कोटींवर आली. ज्यांच्या खेळावर ही उलाढाल उभी होती, ते खेळाडू तेव्हा शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या नावावर वा प्रतिमेवर एक डॉलरही कमावू शकत नव्हते. ती मुभा जुलै २०२१मध्ये मिळाली.

साहित्याच्या वाचकाला आणखी एक योगायोग जाणवेल. त्याच दिवशी सायंकाळी पाचपासून गार्डनपासून जवळच असलेली ब्रॉडवेची नाट्यगृहे बंद झाली, ती बहुतांशी दीड वर्षाने उघडली. म्हणजे त्या परिसरातला पहिला पडदा खेळावर पडला आणि तोही मध्यंतरात.

अपुऱ्या घटनेची नोंद कशी करावी याचे एक जुने उदाहरण आहे. १९१९ साली आइस हॉकीच्या स्टॅन्ले चषकाची अंतिम मालिका इन्फ्लुएन्झाने थांबली. माँट्रियलचे अनेक खेळाडू आजारी पडले आणि त्यांपैकी जो हॉल ५ एप्रिलला दगावला. पुढे चषकाची पुनर्रचना झाली, तेव्हा त्यावर दोन्ही संघांची नावे कोरली गेली आणि मालिका पूर्ण झाली नाही असेही लिहिले गेले. धातूवर अपूर्णता कोरण्याचा हा प्रांजळपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. बिग ईस्टच्या विजेत्यांच्या यादीत २०२०पुढे कोणाचेच नाव नाही. क्रेटनचा हंगाम २४ विजय, ७ पराभव असा मिटला, सेंट जॉन्सचा १७-१५ असा. गार्डनमधली ती वीस मिनिटे दोघांच्याही हिशेबात नाहीत.

पुढच्या वर्षी स्पर्धा तेथेच भरली, जवळजवळ रिकाम्या खुर्च्यांसमोर. १३ मार्च २०२१ रोजी जॉर्जटाउनने क्रेटनला ७३-४८ असे हरवले. हंगामापूर्वी प्रशिक्षकांनी या संघाला शेवटचे स्थान दिले होते. त्याचा प्रशिक्षक होता पॅट्रिक यूइंग, याच वास्तूत निक्स संघाकडून नाव कमावलेला. मे २०२०मध्ये तो स्वतः कोविडने रुग्णालयात होता. गंमत अशी की त्या आठवड्यात गार्डनच्या रक्षकांनी त्यालाच अडवून ओळखपत्र मागितले आणि तो बराच चिडला. ही कथा वर्तमानपत्रांना फार आवडली, आणि आवडण्यासारखी ती होतीच.

तिच्या झगमगाटात एक साधी गोष्ट मागे पडली. वसंत ऋतूत खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचा हंगाम बुडाला, म्हणून २०२०मध्ये त्यांना खेळण्याचे एक वर्ष वाढवून मिळाले. २०२०-२१च्या हिवाळी खेळाडूंनाही ते मिळाले. मधले बास्केटबॉलपटू, म्हणजे मार्च २०२०मध्ये शेवटच्या वर्षाला असलेले, तेवढे वगळले गेले. त्यांचा हंगाम जवळजवळ संपला होता, असे कारण देण्यात आले. मध्यंतरात कपडे बदलण्याच्या खोलीत बसलेल्या अशा मुलांना उत्तरार्धासाठी कोणी बाहेर बोलावले नाही.