गिरणीचा पगार आणि खाणावळीची चूल

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी ‘चार शब्द लिहाच’ असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी संकोचले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास लिहिणे हे शिकल्यासवरल्या माणसांचे काम. परंतु माझ्या आईची खाणावळीची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्यावरून जे समजले, ते भगिनींपुढे ठेवते.

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. मग कोकणातून, घाटावरून माणसे आली. बायकामुले गावी आणि पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा, असा तो संसार. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळी गल्लोगल्ली निघाल्या. काम पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, सुट्टीचा वारही ठरलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून त्यासाठी खटपट केली आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आपण रविवारी सभा भरवतो, त्यामागे हे कष्ट आहेत.

त्या काळी गिरण्यांत बायकाही पुष्कळ होत्या. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पण बायकांना रात्रपाळीची मनाई होती. रात्रपाळ्या वाढल्या, यंत्रे बदलली, तसतशा त्या कमी होत गेल्या. पुरुषांचा किमान मूळ पगार १९४७ च्या निवाड्याने महिना ३० रुपये ठरला आणि वर महागाईभत्ता. पगार ठरला की वाणी उधार देतो, खाणावळ चालते, गावी मनिऑर्डर जाते. गिरणीच्या एका पगारावर अशा कितीतरी चुली पेटत.

लालबागला माझ्या आईकडे आठ मेंबर जेवत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ हवी, बदली कामगार कायम करावेत, आणि बोलणी करण्याचा हक्क एकाच युनियनला देणारा १९४६ चा कायदा रद्द व्हावा, अशा मागण्या होत्या. माझा जन्म त्याच वर्षीचा. आईने आठही जणांना उधारीवर जेवू घातले. मग एकेक जण गावी गेला. वाण्याचे देणे आईने दोन पाटल्या मोडून फेडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही.

वहीत तीन नावांवर रेघ आहे, म्हणजे पैसे फिटले. पाच नावे तशीच आहेत. “तुला त्यांचा राग नाही येत?” असे मी एकदा आईला विचारले. ती म्हणाली, “त्यांचा पगार बुडाला म्हणून आपला बुडाला. त्यांनी नाही बुडवला.”

संपाच्या मागण्यांत खाणावळवालीचे नाव कुठेच नव्हते. त्याआधी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, सावकाराच्या दारातून सोडवले. माझ्या आईला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर कदाचित पाटल्या वाचल्या असत्या.

लग्न होऊन मी जोगेश्वरीला आले. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. आज आपल्यापैकी कितीतरी जणी घरी बसून धागे कापतात, खडे चिकटवतात, पाकिटे भरतात. नगावर मजुरी असली तरी किमान दर ठरवता येतो, असे १९४८ च्या किमान वेतन कायद्यातच होते. प्रत्यक्षात माल आणून देणारा सांगेल तो दर. गेल्या वर्षी मी एकटीने दर वाढवून मागितला, तर दोन महिने माझ्याकडे माल आला नाही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. प्रत्येकीने एक वही घालावी. किती नग केले, किती तास लागले, किती पैसे मिळाले, ते रोज लिहावे. महिन्याच्या सभेत सगळ्या वह्या एकत्र वाचू. एकटीला माल बंद करता येतो. चाळीस जणींना बंद करणे सोपे नाही.

आईच्या वहीत फक्त दुसऱ्यांची बाकी आहे. तिच्या कष्टाचा दर तिने कुठेच लिहिला नाही. आपण तो लिहू या.