जठराची उघडी खिडकी

तोंडांत घातलेला घांस दांत चावतात, लाळ भिजविते आणि त्यांतील पिठूळ अंशाचें पचन तेथेंच सुरू होतें. पुढें तो अन्ननलिकेंत उतरतो. ही नलिका म्हणजे नुसती पन्हळ नव्हे. तिचे स्नायू आकुंचन पावत घांसास पुढें लोटतात, म्हणूनच निजलेल्या मनुष्याचाही घांस जठरांत पोंचतो. परंतु जठराच्या बंद कोठींत अन्नाचें काय होतें, याविषयीं विद्वानांत शतकानुशतकें वाद होता. कोणी म्हणत, तें दळलें जातें. कोणी म्हणत, कुजतें. फ्रान्समधील रेओम्यूर यानें १७५२ सालीं घारीवर आणि पुढें इटलींतील स्पालांझानी यानें स्वतःवर प्रयोग करून पाचकरसाचा पक्ष बळकट केला. तथापि जिवंत मनुष्याचें जठर काम करीत असतां वर्षानुवर्षें न्याहाळण्याची सोय त्यांस नव्हती.

ती सोय एका अपघातानें झाली. ६ जून १८२२ रोजीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर, लोकरी कातड्यांच्या व्यापारी कंपनीच्या दुकानांत बंदूक चुकून उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याच्या छातीखालीं डाव्या अंगास भगदाड पडलें. लष्करी शस्त्रवैद्य विल्यम बोमाँट यानें त्याचे प्राण वांचविले. पण जखमेचें तोंड कांहीं मिटेना. बोटानें आंतील पडदा सारला कीं जठर दिसे.

१ ऑगस्ट १८२५ रोजीं दुपारीं बारा वाजतां बोमाँटनें मांस, पाव व कोबी यांचे तुकडे रेशमी दोऱ्यास बांधून त्या छिद्रांतून आंत सोडले. तासाभरानें पाव व कोबी निम्मे विरले होते, मांस मात्र जसेंच्या तसें होतें; दोन वाजतां उकडलेलें मांसही दोऱ्यावरून नाहींसें झालें होतें. पुढें त्यानें जठररस कुपींत काढून शरीराइतक्या उष्णतेंत ठेविला व त्यांत मांस टाकलें. तेंही विरघळलें. जठर हें जातें नव्हे कीं उकिरडा नव्हे. तेथें रसायनक्रिया चालते, हें या कुपीनें दाखविलें. बोमाँटचा ग्रंथ १८३३ सालीं निघाला; त्या रसांतील पेप्सिन श्वान यानें १८३६ सालीं शोधून काढलें.

सेंट मार्टिन निरक्षर होता. १८३२ सालच्या करारावर त्यानें फुलीची निशाणी केली. वर्षाचे दीडशें डॉलर व राहणें-जेवण, एवढा त्याचा मोबदला. तो बोमाँटच्या घरीं लांकडें फोडी, ओझीं वाही, आणि प्रयोगाची वेळ झाली कीं अंगावरील वस्त्र दूर सारून निजे. १८२५ सालीं तो न विचारतां कॅनडास निघून गेला होता. १८३४ नंतर कितीही विनवण्या झाल्या तरी तो परतला नाहीं.

बोमाँट १८५३ सालीं वारला. सेंट मार्टिन १८८० पर्यंत जगला. तो गेल्यावर वैद्यांस त्याचें जठर हवें होतें. घरच्यांनीं प्रेत कुजेपर्यंत ठेविलें आणि मग खोल खड्ड्यांत पुरलें. पचनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकावर ज्या माणसाचें ऋण आहे, त्याच्या कुटुंबानें त्याच्या देहावरील आपला हक्क असा राखला.