फाइल 46 बाइटची, मग जागा 4096 बाइट का?

फाइलचा आकार आणि तिने अडवलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी एका टेक्स्ट फाइलमध्ये फक्त ‘कोऱ्हाळे बुद्रुक’ एवढंच लिहिलं, बारामती तालुक्यातलं गाव. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना-मात्रा धरून 15 चिन्हं आणि एक स्पेस, म्हणजे 46 बाइट. पण फोनची फाइल सिस्टीम जागा ब्लॉकमध्ये वाटते आणि एक ब्लॉक सहसा 4096 बाइटचा असतो. त्यामुळे अख्खा ब्लॉक अडकतो. अशा 1000 फाइलींचा आकार 46 केबी, पण जागा सुमारे 4 एमबी.

64 जीबीच्या एक्सफॅट मेमरी कार्डवर ब्लॉक सहसा 128 केबीचा असतो. तिथे याच फाइली सुमारे 128 एमबी खातात! म्हणून हजारो छोट्या फाइली कार्डवर टाकायच्या असतील, तर आधी त्यांची एकच झिप करा.