डोंगराची मोजदाद

सोन्याचा शोध म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कुदळ, घमेले आणि दाढी वाढलेला साहसी माणूस उभा राहतो. पण कॅलिफोर्नियातल्या सोन्याची झुंबड सुरू झाली ती लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटापासून! २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जेम्स मार्शल ही गिरणी बांधीत होता. सोने आणि लाकूड यांची जोडी तिथे पहिल्या दिवसापासूनच जमली.

ही जोडी पाहायची असेल तर सिएरा नेवाडा पर्वताचा जुना नकाशा उलगडावा. अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते १८७९ साली निघाले, आणि पुढल्या वीसेक वर्षांत त्याने या सुवर्णपट्ट्याची पत्रके छापली. वाल्डेमार लिंडग्रेन याचे कोलफॅक्स पत्रक १९०० सालचे. एका इंचात सुमारे दोन मैल. डोंगराच्या समोच्चरेषा एकमेकींना खेटल्या की समजावे, इथे कडा आहे.

या भागात पाण्याच्या रेषा मात्र नीट पाहाव्या लागतात. नदी उताराने धावते हे शाळकरी पोरही सांगेल. पण इथे पाणी डोंगराच्या कुशीने, जवळजवळ एकाच उंचीवरून, मैलोगणती नेलेले असे. हे खाणींचे पाट. वाटेत घळ आली की लाकडी पन्हळ; तिच्या फळ्या जवळच्याच जंगलातल्या. त्या पाण्याचा झोत मोठ्या तोटीतून टेकडीवर सोडायचा, टेकडी विरघळवायची आणि सोने तेवढे ठेवून घ्यायचे. माती? ती नदीच्या स्वाधीन!

खाली मेरिसव्हिलपाशी युबा नदीचे पात्र गावच्या रस्त्यांहून उंच झाले. शेते गाळात बुडाली. शेतकरी कोर्टात गेले, आणि १८८४ मध्ये न्यायाधीश सॉयर यांनी नदीत गाळ सोडण्यास मनाई केली. पण डोंगर गेला तरी किती? ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञाने युक्ती काढली ती अगदी साधी: ओस पडलेल्या खाणींचे खड्डेच मोजायचे. खड्ड्याचे माप तेच गेलेल्या डोंगराचे माप. १९१७ च्या त्याच्या अहवालात एकट्या युबाच्या खोऱ्याचा आकडा निघाला सुमारे ६८ कोटी घनयार्ड.

कोलफॅक्स पत्रकाच्या मुलखात ‘यू बेट’ नावाचे गाव आहे. म्हणजे आपल्याकडचे ‘लाव पैज!’ खाणींच्या दिवसांतले नाव, दुसरे काय! मुलूख मुळात निसेनान लोकांचा. कॅलिफोर्नियात १८४८ च्या सुमारास दीड लाखांच्या आसपास असलेले मूळ रहिवासी १८७० पर्यंत तीस हजारांवर आले होते. ही पत्रके काढणारी माणसे आली ती त्यानंतर.