यहूदाचे रुपे आणि कैसराचा मुखवटा

पवित्र भूमीची यात्रा करून परतणारे आपले बांधव जपमाळा व ऑलिव्हच्या लाकडाचे क्रूस यांच्यासमवेत कधीकधी एखादे जुने नाणेही घेऊन येतात. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने असे एक नाणे कोंदणात बसवून घरच्या वेदीवर ठेवले आहे. यहूदा इस्कार्योताला मिळालेल्या तीस नाण्यांपैकीच ते आहे, अशी त्यांची समजूत. ते नाणे आम्ही हाती घेतले तेव्हा आदर आणि शंका ही दोन्ही मनात एकाच वेळी दाटून आली. त्या शंकेपोटी जे वाचन घडले, त्यातील काही भाग येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, तीस हा आकडा केवळ संत मत्तयच देतो. तो वाचताना यहुदी श्रोत्याला दोन जुनी स्थळे आठवली असणार. एक निर्गमाच्या ग्रंथातील : बैलाने दास मारला तर धन्याला द्यावयाची भरपाई तीस शेकेल. दुसरे जखऱ्या संदेष्ट्याचे, जेथे मेंढपाळाची मजुरी म्हणून तीसच रुपये तोलून दिले जातात. प्रभूची किंमत एका दासाची किंमत ठरली, हे मत्तयाला सांगावयाचे आहे. नाण्यावर कोणाचे चित्र होते, याची त्याला पर्वा नाही.

ती पर्वा मध्ययुगातील भाविकांना मात्र फार होती. अब्राहामाचा पिता तेरह याने ही तीस नाणी पाडली, त्यांनीच योसेफाची विक्री झाली, पुढे ती शबाच्या राणीकडे गेली आणि अखेर ज्ञानी राजांनी बाळ येशूच्या चरणी वाहिली, अशी एक लांबलचक आख्यायिका युरोपात प्रचलित होती. तिच्यात ती नाणी सोन्याची आहेत. शुभवर्तमानात मात्र रुप्याची. कथाकारांना ही अडचण फारशी जाणवलेली दिसत नाही! युरोपातील अनेक चर्चमध्ये त्यातील एकेक नाणे अवशेष म्हणून पूजिले जाई. ब्रिटिश म्युझियममधील नाणेतज्ज्ञ जॉर्ज हिल यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या अवशेषांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतील कित्येक नाणी ऱ्होड्स बेटावरची निघाली. त्यांवर सूर्यदेव हेलिओसचे मस्तक असे. मस्तकाभोवतीचे किरण भाविकांना काट्यांचा मुकुट वाटले आणि ग्रीक देवाचा चेहरा प्रभूचा ठरला. मागील बाजूस गुलाबाचे फूल. तेही ग्रीक शब्दश्लेषामुळे, कारण ऱ्होड्स या नावाशी ग्रीक भाषेतील गुलाबाचे नाव जुळते. या भाविकांना हसू नये असे आम्हांस वाटते. प्रभूच्या दुःखसहनाला स्पर्श करण्याची त्यांची ओढ खरी होती.

लबाडी होती ती दुसरीकडे. जर्मनीतील ग्योर्लित्स या गावाचे नाव मिळालेले बनावट शेकेल सोळाव्या शतकापासून विकले जाऊ लागले. एका बाजूस धूर निघणारे पात्र, दुसऱ्या बाजूस अहरोनाची पालवलेली काठी. नमुना होता इ. स. ६६ ते ७० या काळातील यहुदी बंडाच्या शेकेलचा. पण त्या अस्सल नाण्यांवरील लिपी प्राचीन इब्री, तर बनावट नाण्यांवर छापील पुस्तकातली चौकोनी अक्षरे. शिवाय अस्सल शेकेलदेखील प्रभूच्या क्रूसमरणानंतर तीसहून अधिक वर्षांनी पाडलेला. यहूदाच्या हाती तो येणार कसा?

मग त्याच्या हाती कोणते नाणे पडले असावे? आजच्या बहुतेक अभ्यासकांचा कौल सोर शहराच्या शेकेलकडे आहे. वजन सुमारे १४ ग्रॅम, रुपे उत्तम. मंदिराचा कर याच रुप्यात स्वीकारला जाई. नवल असे की, या नाण्यावर मेलकार्थ या परक्या दैवताचे मस्तक आणि मागे गरुड. मूर्तीचा एवढा तिटकारा असलेल्या मंदिराने ते चालवून घेतले, ते केवळ शुद्ध रुप्यासाठी. यावरून एक वादही रंगला. इस्राएली विद्वान याकोव मेशोरेर यांनी असे मांडले की, सोर शहरातील टांकसाळ थांबल्यावर हेरोदाने हीच नाणी येरुशलेमात पाडविली. इतर विद्वानांना हे पटले नाही आणि पुरावा दोन्ही बाजूंनी अपुराच आहे.

आता कैसराचे नाणे. मुखवटा कोणाचा, असे प्रभूने विचारले ते नाणे टायबेरिअसचे रोमन दिनार, असे संग्राहक मानतात. इंग्रजी बायबलमध्ये त्याला पेनी म्हटल्यामुळे ते 'कराची पेनी' या नावाने विकले जाते. त्यावर सम्राट स्वतःला दिव्य ऑगस्टसचा पुत्र म्हणवितो आणि मागे सर्वोच्च पुरोहित अशी पदवी लावतो. हीच पदवी पुढे परमगुरुस्वामींकडे यावी, हा इतिहासाचा विलक्षण फेरा. पण येथेही शंका आहे. यहुदियातील त्या काळच्या थरांत टायबेरिअसचे दिनार अगदी तुरळक सापडतात. म्हणून काही अभ्यासक ऑगस्टसच्या दिनाराकडे, तर काही अंत्युखियाच्या रुप्याच्या नाण्याकडे बोट दाखवितात.

जे दिनार यहुदियात दुर्मीळ, ते आपल्या भारतात ढिगांनी सापडतात! कोइमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात ऑगस्टस व टायबेरिअस यांच्या नाण्यांचे मोठे साठे निघाले आहेत. मिरी आणि तलम वस्त्रे यांपायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारताकडे वाहून जातात, अशी प्लिनीची तक्रार होती. ती नाणी हीच. इ. स. ६४ मध्ये नीरोने दिनारातील रुपे घटविले. त्यामुळे आपले व्यापारी जुन्या, खऱ्या रुप्याचाच आग्रह धरीत असावेत. पुदुक्कोट्टै येथील सोन्याच्या रोमन नाण्यांचा साठा १८९८ साली अभ्यासला तोही त्याच जॉर्ज हिल यांनी. त्यातील बहुतेक सम्राटांच्या चेहऱ्यांवर छिन्नीचा घाव होता. नाणे चलनातून बाद करण्यासाठी, असे हिल यांचे मत. परक्या राजाचा मुखवटा नको म्हणून, असे इतरांचे. धातू तपासण्यासाठी म्हणावे तर एवढा नेमका घाव चेहऱ्यावरच का? हा वाद अद्याप मिटलेला नाही. मराठवाड्यातील तेर येथे तर रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. त्या लोक दागिना म्हणून वापरीत.

आमच्या शेजाऱ्यांच्या नाण्याविषयी सांगावयाचे राहिले. त्याच्या कडेने ओतकामाची बारीक शिवण फिरलेली आहे. खरे शेकेल ठशावर घण घालून पाडीत, त्याला अशी शिवण असत नाही. हे आम्ही त्या घरच्या आजींना सांगितले. त्यांनी नाणे पुसून पुन्हा क्रूसाच्या पायाशी ठेवले आणि ते विकणाऱ्याने किती घेतले, तेवढे मात्र आम्हांला सांगितले नाही.