मामुली : एक रूप, दोन कुळे

जॉर्जियन भाषेत ‘मामुली’ म्हणजे वडिलोपार्जित जमीन, आणि पितृभूमीही. इलिया चावचावाद्झे (१८३७–१९०७) यांच्या पिढीने रशियन साम्राज्याच्या अमदानीत राष्ट्रभावनेची जी उभारणी केली, तीत या शब्दाचे स्थान मध्यवर्ती होते. मराठीत मात्र ‘मामुली’ म्हणजे क्षुल्लक.

हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यात एक अडचण आहे. पूर्व जॉर्जिया सफवी इराणच्या वर्चस्वाखाली होता आणि फारसीमार्गे आलेले अरबी शब्द जॉर्जियनमध्येही रुजले आहेत. मराठी ‘मामुली’ फारसीच्याच वाटेने आला. तेव्हा दोहोंचे मूळ एकच असावे, असे अनुमान कोणी केल्यास ते वरकरणी अवाजवी म्हणता येणार नाही.

निर्णय होतो तो शब्दाची फोड केल्यावर. जॉर्जियन रूप माम्-उल्-इ असे सुटते. ‘मामा’ म्हणजे बाप (मराठी वाचकाने येथे आईचा भाऊ क्षणभर विसरावा). ‘-उल’ हा ‘कार्तुली’, म्हणजे जॉर्जियन भाषा, या शब्दातही दिसणारा संबंधवाचक प्रत्यय. अंत्य ‘इ’ ही प्रथमेची खूण. शेजारी ‘देदा’ म्हणजे आई, या शब्दापासून झालेले शब्द नांदतात : ‘देदाकालाकी’ राजधानी, ‘देदाएना’ मातृभाषा. याकोब गोगेबाश्विली यांच्या १८७६ च्या अंकलिपीचे नावही ‘देदाएना’च.

मराठी शब्दात नात्यागोत्याचा मागमूस नाही. अरबी ‘अ-म-ल’ या क्रियावाचक धातूपासून झालेले ‘मअमूल’ हे कर्मणी रूप आणि त्याला फारसी ‘ई’ प्रत्यय, एवढीच त्याची घडण. अंमल, अंमलदार, मामलत, मामलेदार ही त्याची भावंडे. जुन्या दफ्तरांत ‘मामूल’ म्हणजे पूर्वापार चालत आलेली वहिवाट, आणि तिला वजन असे. नित्याचे ते सामान्य, सामान्य ते क्षुल्लक, अशी अर्थाची घसरण पुढची.

ध्वनिसाम्य बाजूला सारल्यावर जॉर्जियन ‘मामुली’चा खरा जोडीदार मराठीत वेगळाच सापडतो, तो म्हणजे ‘वतन’. अरबीत ‘वतन’ म्हणजे स्वदेश. मराठीत तो वंशपरंपरागत जमीन व हक्क या अर्थी स्थिरावला. जॉर्जियन शब्दात बापाच्या जमिनीपासून देशापर्यंत अर्थविस्तार झाला. मराठीत आलेला शब्द देशाकडून गावच्या शिवारापर्यंत आला. या दोन रूपांत एकही व्यंजन समान नाही, म्हणूनच ती कोणी शेजारी ठेवून पाहत नाही.