विदर्भातील उन्हाळी वनकाम आणि निर्जलीकरण

शरीरात जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणारे पाणी अधिक झाले म्हणजे निर्जलीकरण होते. नागपूर परिसरातील जंगलांत एप्रिल ते जून या काळात वावरणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकार कायद्याने बंद झाली. आज भर उन्हाळ्यात रानात दिसतात ते तेंदूपत्ता तोडणारे मजूर, वनरक्षक आणि बुद्धपौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणिगणना करणारे स्वयंसेवक.

कारणे

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. तथापि केवळ तापमानावरून धोक्याची कल्पना येत नाही. कोकणात घाम अंगावरून निथळतो. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो फुटताच वाळतो. त्यामुळे घाम येतच नाही असा समज होतो. प्रत्यक्षात कष्टाच्या कामात तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी शरीराबाहेर जाऊ शकते. सदऱ्यावर उमटणारे मिठाचे पांढरे डाग हा त्याचा पुरावा होय. तहानेवरही विसंबता येत नाही. ती जाणवेपर्यंत शरीराच्या वजनाच्या सुमारे एक ते दोन टक्के पाणी कमी झालेले असते.

तेंदूपत्ता मजूर पहाटेच रानात शिरतात. ७० पानांचा एक पुडा बांधला जातो आणि मोबदला पुड्यांवर ठरतो, म्हणून सावलीत थांबणे परवडत नाही. परतताना पानांचे ओझे असल्याने सोबतचे पाणीही बेताचेच असते. नाले आटलेले असतात, आणि उरलेल्या पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांचाही वावर असतो.

लक्षणे

लघवी कमी व गडद पिवळी होणे ही सर्वांत सोपी खूण आहे. तोंडाला कोरड, डोकेदुखी, चक्कर, पोटऱ्यांत गोळे येणे ही लक्षणेही दिसतात. चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होते. वृद्धांमध्ये मात्र ही खूण फसवी ठरते. असंबद्ध बोलणे, तोल जाणे आणि अंग तापणे ही उष्माघाताची चिन्हे असून तेव्हा घाम थांबलेला असेलच असे नाही.

प्रतिबंध व उपचार

एकदम भरपूर पिण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने पाणी घेणे हितकर असते. दीर्घकाळ घाम गाळून नुसतेच पाणी ढोसल्यास रक्तातील सोडियम घटू शकते. ताक, मीठ घातलेले कैरीचे पन्हे आणि भाकरी यांतून क्षार मिळतात. खिशात कांदा ठेवण्याची प्रथा विदर्भात आढळते. त्याने शरीरातील पाणी भरून निघत नाही. डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा त्याहून उपयोगी.

घरगुती जलसंजीवनीसाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवतात. साखर केवळ चवीसाठी नसते. तिच्यामुळे आतड्यात सोडियम आणि त्याबरोबर पाणी शोषले जाते. प्रमाण चुकल्यास मात्र द्रावण अपायकारक ठरते.

उष्माघाताची शंका येताच रुग्णास सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.